टेस्ट. कोण बोलतंय?

माझे वडील टेलिफोन खात्यात लाइनमन होते आणि आयुष्यात त्यांनी फोनवर कधी ‘हॅलो’ म्हटलं नाही. फोन उचलला की म्हणायचे, “टेस्ट. कोण बोलतंय?” खांबावर चढून तुटलेली तार जोडायची, कमरेचा हँडसेट तारेला लावायचा आणि एक्सचेंजला हे विचारायचं, ही खात्यातली सवय. निवृत्तीनंतरही ती सुटली नाही. आई वैतागायची. “निदान बायकोला तरी टेस्ट करू नका,” म्हणायची. त्यावर आण्णांचं उत्तर ठरलेलं होतं. “डायल टोन एक्सचेंज देतं. टोन आला म्हणून पलीकडं माणूस हाय असं नसतं.”

मी त्यांची मुलगी, त्रिशला मगदूम. सॉफ्टवेअरची रचना करणं हा माझा धंदा. पंचवीस वर्षं केला, आणि त्यातलं एक तत्त्व मी नव्या पोरांना टेबलावर हात आपटून शिकवलं. ते इथं सांगावंच लागेल, कारण पुढचं सगळं त्याच तत्त्वामुळे घडलं. तत्त्वाचा दोष नव्हता. दोष माझा होता.

कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये दोन प्रकारच्या गोष्टी असतात. एक म्हणजे त्याचं खरं काम, नियम आणि निर्णय. दुसरा त्या कामाला लागणारा सरंजाम: तारा, पडदे, स्पीकर, माहिती साठवायच्या जागा. सरंजाम दर दोन वर्षांनी बदलतो, नियम तेवढे बदलत नाहीत. दोन्हींची खिचडी केली की स्पीकर बदलायला जावं आणि निर्णय बिघडावेत, अशी गत होते. म्हणून नियमांचा गाभा मधोमध ठेवायचा, त्याला ठरावीक मापाची दारं करायची आणि बाहेरची प्रत्येक वस्तू त्या मापाच्या जोडणीतूनच दाराला लावायची. कागदावर हे षट्कोनासारखं काढतात. सहाला तसा काही अर्थ नाही, दारं दाखवायला जागा मिळते एवढंच. गाभ्याला फक्त दार माहीत. दारापलीकडे कोण आहे, हे त्याला कळता कामा नये. तसं असलं म्हणजे चाचणीच्या वेळी खऱ्या वस्तूच्या जागी नकली वस्तू लावता येते आणि गाभ्याला पत्ताही लागत नाही.

माझ्या ऑफिसातल्या इंजिनियरांना हे समजायला आठवडा लागायचा. आण्णांना एका चहात समजलं. “म्हंजे आमचं सॉकेटच की,” ते म्हणाले. “लाल फोन लाव, काळा लाव, न्हाईतर माझा हँडसेट लाव. एक्सचेंजला काय त्याचं?”

“बरोबर.”

“मग तुमच्यात टेस्ट कोण म्हणतंय? पलीकडं कोण हाय, विचारतंय कोण?”

“कुणीच नाही, आण्णा. तीच तर गंमत आहे.”

“बरं,” ते म्हणाले आणि कप विसळायला उठले.

दोन वर्षांपूर्वी आण्णांना झटका आला. मेंदू मानेशी जुळतो त्या देठात रक्ताची गाठ अडकली. बुद्धी शाबूत, कान शाबूत, आठवणी शाबूत. पण मानेखाली काही हलेना आणि जीभही हलेना. हलत होत्या त्या फक्त पापण्या. मिरजेच्या दवाखान्यात आम्हाला शिकवलं, एकदा मिटली तर हो, दोनदा मिटली तर नाही. सहा महिने आम्ही त्यांच्या डोळ्यांत बघून जगलो.

मग आमच्या कंपनीची पेटी आली. तिचं नाव भारदस्त होतं, घरात सगळे पेटीच म्हणायचे. माणूस बोलायचं मनात आणतो तेव्हा मेंदूच्या एका भागात संकेत उमटतात, जिभेपर्यंत पोचोत न पोचोत. त्या भागावर केसाहून बारीक तारांची जाळी बसवायची. जाळी संकेत पकडते, गाभा त्यांचं वाक्य करतो आणि उशाजवळचा स्पीकर ते बोलून दाखवतो, त्या माणसाच्याच आवाजात. तो गाभा मी रचला होता. शस्त्रक्रियेनंतर चौथ्या सकाळी पेटी खरखरली आणि आण्णा बोलले, “टेस्ट. कोण बोलतंय?”

हसीनाच्या हातातली वाटी खाली पडली. हसीना मुजावर आण्णांना सांभाळायला सकाळी सातला यायची आणि संध्याकाळी सातला जायची. मी म्हणाले, “मी त्रिशला, आण्णा.” ते म्हणाले, “लाइन चांगली हाय.” त्या दिवसापासून रोज सकाळी पहिलं वाक्य तेच.

त्या वर्षीचा रमजान आला तेव्हा आण्णांनी हसीनाला बजावलं, “माझं नळीतनं पाच वाजता देऊन टाक. मग तू मोकळी.” आम्ही जैन. आण्णांचं जेवण सूर्यास्ताआधी संपायचं आणि हसीनाचं सूर्यास्तानंतर सुरू व्हायचं. बांग झाली की ते विचारायचे, “सुटला का गं रोजा?” ती खजूर तोंडात टाकत हो म्हणायची. महिनाभर एक दिवस चुकला नाही.

आता नकली आण्णांबद्दल सांगते.

पेटी इतर दवाखान्यांत जायची होती. प्रत्येक सुधारणेनंतर ती तपासायला रुग्ण लागतो, आणि आजारी माणसाला दिवसभर बोलायला लावणं बरं नव्हे. म्हणून पौष-माघातल्या दोन महिन्यांचे आण्णांचे संकेत मी टिपून ठेवले आणि त्यांतून एक नकली जोडणी केली. तिच्याशी काही बोललं की तशा बोलण्याला आण्णांनी पूर्वी पाठवलेले संकेत ती पुन्हा पाठवायची. रोजचं पहिलं मिनिट मी छाटून टाकलं. त्यात नुसतं ‘टेस्ट’ असायचं, कामाचं काही नसायचं. शिवाय एक नियम घातला. खरी जोडणी चाळीस सेकंद गप्प राहिली तर नकली लावायची, म्हणजे चाचणी अडकत नाही. ऑफिसातल्या केतकीनं तेव्हा विचारलं होतं, “मॅडम, नकली लागलीय एवढं तरी गाभ्याला कळू दे ना?” मी तिला चारचौघांत झापलं होतं.

दवाखान्यात पेटी बसवताना दोघंजण लागतात. एक यादी वाचतो, दुसरा चाचणीचं सामान काढून टाकतो. माघाच्या शेवटी नवी आवृत्ती घरी बसवली ती मी एकटीनं, रविवारी, आमटीला फोडणी देता देता. घरचंच काम, यादी कशाला वाचायची? दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

शरीराला परकी वस्तू आवडत नाही. जाळीभोवती हळूहळू पेशींचा पापुद्रा धरतो आणि संकेत अंधूक होत जातात. या भाद्रपदाच्या सुरुवातीला आण्णांच्या जाळीवर तो पुरता धरला. आण्णा बोलू लागले, पेटीला काही ऐकू येईना. चाळीस सेकंद गेले. मग पेटी बोलायला लागली.

आम्हाला काहीच कळलं नाही. उलट आण्णा खुशीत आहेत असं वाटलं. सकाळचं टेस्ट बंद झालं होतं, ते माझ्या लक्षातही आलं नाही. काही विचारलं की म्हणायचे, “थंडी वाजते गं. पांघरूण घाल.” उकाड्यानं आमचा जीव जात होता, तरी आम्ही पांघरूण घातलं. म्हाताऱ्या माणसाला वाजत असेल थंडी. घाम दिसला की हसीना टिपायची आणि पांघरूण पुन्हा नीट करायची.

त्याच महिन्यात दादा आला. माझा थोरला भाऊ वर्धमान, कॅनडात कॅलगरीला असतो. आण्णा त्याच्याशी बारा वर्षं बोलले नव्हते. आई गेली त्या दिवशी आण्णांनी दवाखान्यातून त्याला अकरा वेळा फोन केला होता आणि त्यानं एकदाही उचलला नाही. नंतर त्यानं नाना कारणं सांगितली. आण्णा एवढंच म्हणाले, “लाइन चांगली होती. रिंग जात होती.” लाइनमनच्या घरात याहून मोठा गुन्हा नाही. दरवर्षी दशलक्षण पर्व संपलं की क्षमावाणीच्या दिवशी आम्ही जाणता-अजाणता झालेल्या चुकांची एकमेकांकडे क्षमा मागतो. दरवर्षी दादाचा निरोप यायचा, ‘उत्तम क्षमा’. आण्णा तो वाचायचे आणि फोन पालथा ठेवायचे.

या क्षमावाणीला तो स्वतः आला. आण्णांच्या पायांवर डोकं ठेवलं. पन्नाशीचा माणूस, टक्कल पडलेलं. “आण्णा, मी मीटिंगमध्ये होतो. तुमचा नंबर बघितला आणि नंतर करू म्हणून फोन बाजूला ठेवला. अकरा वेळा ठेवला. आजवर खोटं सांगत आलो. मला माफ करा.”

पेटी थोडी थांबली. मग आण्णांचा आवाज आला, “झालं ते झालं. आधी जेवून घे.”

दादा हमसून हमसून रडला. आण्णांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पापण्या सारख्या फडफडत होत्या. बापलेक दोघंही रडताहेत, असं मला वाटलं. मीही रडले. आणि खोटं कशाला बोलू, मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. बारा वर्षांचा अबोला माझ्या पेटीनं मोडला होता.

दादा परत गेला. पाच दिवसांनी दुपारी मी हसीनाला कौतुकानं तेच पुन्हा सांगत होते. तिनं सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, “ताई, रागावू नका. आण्णांचं डोस्कं जाया लागलंय का?”

“असं का म्हणतेस?”

“मला रोज दुपारी म्हनत्यात, आधी जेवून घे. रोजं चालू हैत. गेल्या साली मला रोज इचारायचं, सुटला का म्हणून. आवंदा एकदाबी न्हाई.” तिचा आवाज बारीक झाला. “आन् सकाळचं टेस्टबी न्हाई म्हनत. किती दिस झालं. मला वाटलं, इसरलं आसतील.”

मी उभीच राहिले. पौष-माघात रमजान नव्हता. पौष-माघात थंडी होती.

शेजारच्या खोलीत जाऊन नोंदी उघडल्या. पेटी प्रत्येक वाक्यापुढे जोडणीचं नाव लिहून ठेवते. कुणी वाचत नाही, पण लिहिते. बावीस दिवसांतल्या एकूण एक वाक्यापुढे एकच शब्द होता: नकली. दादाला दिलेलं उत्तर शोधलं. ते एकोणीस जानेवारीचं होतं. त्या दिवशी मला पुण्याहून यायला उशीर झाला होता आणि मी दारातून म्हणाले होते, “आण्णा, माफ करा.” दादाच्या बारा वर्षांच्या गुन्ह्याला मिळालेली माफी माझ्या उशिराची होती.

मी आण्णांच्या खोलीत गेले. आधी पांघरूण काढलं. बनियन पिळलं तर पाणी निघेल इतकं ओलं होतं. पेटीचं बटण बंद केलं आणि त्यांच्या तोंडासमोर तोंड नेलं. कित्येक महिन्यांत मी त्यांच्या डोळ्यांत बघितलंच नव्हतं. पेटी आल्यापासून आम्ही सगळे स्पीकरकडे बघून बोलत होतो.

“आण्णा, बावीस दिवस पेटी बोलत होती. ते तुम्ही होता?”

पापणी दोनदा मिटली. नाही.

“तुम्हाला सगळं ऐकू येत होतं?”

एकदा. हो.

“दादा आला तेव्हा पापण्या मिटत होता, ते दोन-दोनदा मिटत होता?”

एकदा.

म्हणजे माझा बाप माझ्यासमोर, त्याच्या स्वतःच्या आवाजातल्या खोटेपणाला नाही, नाही, नाही म्हणत होता आणि मी ते आनंदाश्रू समजले. उकडून मरत असताना त्यांचाच आवाज पांघरूण मागत होता आणि आम्ही ते देत होतो.

“दादाला माफ केलंत का, आण्णा?”

त्यांनी डोळे मिटले आणि मिटलेलेच ठेवले. एकदाही नाही, दोनदाही नाही. उघडले तेव्हा मी विचारलं, “आणि मला?”

दोनदा.

मी ओळखायला चुकले असेन म्हणून पुन्हा विचारलं. दोनदा, सावकाश, मला नीट दिसेल असं.

मला रडू कोसळलं. पण त्या रडण्यात कुठेतरी एक सुटकाही होती. बावीस दिवसांनी आण्णांचं स्वतःचं उत्तर आलं होतं, आणि ते कुणाच्या दोन महिन्यांच्या नोंदींतून निघालेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दादाला फोन लावला. सगळं सांगायचं ठरवूनच लावला. त्यानं पहिल्या रिंगला उचलला. हल्ली तो सगळे फोन पहिल्या रिंगला उचलतो. “त्रिशू,” तो म्हणाला, “अगं, बारा वर्षांनी आईचा फोटो भिंतीवर लावला. इतके दिवस कपाटात होता. तिच्याकडे बघवत नव्हतं.” मी म्हणाले, “हार घाल.” आणखी काही बोलले नाही.

ऑफिसला कळवलं. बाहेर गेलेली तीनशे चाळीस यंत्रं तपासली. नकली जोडणी फक्त एकात निघाली, माझ्या घरातल्या. ती मी स्वतःच्या हातानं पुसली. डॉक्टर म्हणाले, या वयात पुन्हा डोकं उघडून जाळी बदलायला नको. मग पापण्या वाचणारा एक छोटा कॅमेरा आणला आणि त्याची जोडणी दाराला लावली. पापणीनं एकेक अक्षर निवडायचं, वाक्य पुरं झालं की पेटी बोलते. हे काम अडीच तासांत झालं. गाभ्याची एक ओळसुद्धा बदलावी लागली नाही. रचना इतकी चांगली होती. तिचं मला काडीचंही कौतुक वाटलं नाही.

दुसऱ्या सकाळी आण्णांनी पाच मिनिटं पापण्या मिटल्या आणि पेटी बोलली, “टेस्ट. कोण बोलतंय?”

“त्रिशला.”

त्यावर ते काही बोलले नाहीत. लाइन चांगली आहे, असंही नाही. पुढचे अडीच महिने तसेच गेले. हसीनाशी बोलायचे. ईदेला तिला शुभेच्छा दिल्या, आठ मिनिटं घेऊन. माझ्याशी कामापुरतं: पाणी, कूस, दिवा. मी दोनदा पुन्हा विचारलं. दोन्ही वेळा दोनदा मिटली. मग विचारायचं सोडलं. रोज सकाळी नाव सांगायचं, एवढंच राहिलं.

मार्गशीर्षात एकदा मला पुण्याला जावं लागलं. यायला दुपारचा एक वाजला. तोंड धुतलं नव्हतं, सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. आण्णांच्या दारातून जाता जाता सवयीनं म्हणाले, “आण्णा, माफ करा, उशीर झाला,” आणि हातपाय धुवायला मागे गेले. मोरीवर पाच-सात मिनिटं गेली असतील. टॉवेलनं तोंड पुसत परत आले, उंबऱ्यावर पाय ठेवला आणि पेटी बोलली.

“झालं ते झालं. आधी जेवून घे.”

शब्दाला शब्द तेच वाक्य. माझं तेच बोलणं, त्याला तेच उत्तर. पुसलेली जोडणी कुठेतरी शिल्लक राहिली, कुठल्या तरी जुन्या प्रतीतून परत आली, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी आण्णांकडे बघितलंही नाही. तशीच शेजारच्या खोलीत धावले. नोंदी उघडल्या. शेवटची ओळ वाचली. विश्वास बसेना म्हणून यंत्र पुन्हा सुरू करून वाचली. नकली जोडणीच्या सगळ्या जागा तपासल्या, सगळ्या रिकाम्या होत्या. ओळीत लिहिलं होतं: डोळे. सुरुवात एक वाजून चार मिनिटं, शेवट एक वाजून दहा मिनिटं. सहा मिनिटं ते एकेक अक्षर वेचत होते.

मी परत आले तेव्हा आण्णांचे डोळे मिटलेले होते. हसीना उशाशी बसली होती.

“आत्ताच मिटलं बघा,” ती म्हणाली. “इतका वेळ दाराकडं बघत हुतं. ताई, तुम्ही काय बोलला का न्हाईत त्यास्नी?”

“आण्णा,” मी म्हणाले. “आण्णा, मी त्रिशला.”

डोळे उघडले नाहीत. श्वास चालू होता, नंतर खोल गेला, नंतर मधेमधे थांबायला लागला. डॉक्टर आले. चार वाजता सगळं संपलं. दादाला फोन केला. त्यानं पहिल्या रिंगला उचलला.

मी जेवले नव्हते. ते आण्णांना सांगायचं राहून गेलं.